तेहेतीस आणि व्हिएन्नाची दोन दारं

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय ‘महाराष्ट्र ३३ : मातामृत्यूंचा गटवार विचार’ असा लिहिला आहे. तो वाचूनही तुम्ही आत आलात, म्हणून आधी तुमचे आभार. काल इथे नाट्यसंगीतावर व्याख्यान होतं, आणि माणसं म्हणे जिन्यात उभी होती. आज प्रत्येकाच्या वाट्याला पंखा येतो आहे, तेवढाच फायदा. संयोजकांनी मला पन्नास मिनिटं दिली आहेत. माझे विद्यार्थी कुणी इथे असतील तर ते हसतील, कारण बाईंची पन्नास मिनिटं किती वाजता संपतात हे त्यांना माहीत आहे.

तेहेतीस म्हणजे काय ते आधी सांगते. एक लाख जिवंत बाळं जन्माला आली, तर त्यामागे गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत किती बायका गेल्या, तो हा आकडा. गरोदर बाई साप चावून गेली किंवा एस.टी.च्या अपघातात गेली, तर ती यात धरत नाहीत. मृत्यूचं कारण गरोदरपणाशी जोडलेलं असावं लागतं. केंद्र सरकारची नमुना नोंदणी योजना, म्हणजे एसआरएस, हे आकडे काढते. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत देशाचा आकडा ९७ होता, महाराष्ट्राचा ३३, केरळचा १९ आणि आसामचा १९५. त्यानंतरचीही पत्रकं आली आहेत आणि आकडे थोडे इकडेतिकडे झाले आहेत, पण आजच्या मुद्द्याला त्याने फरक पडत नाही. देशाचा हाच आकडा २००१ ते २००३ मध्ये ३०१ होता. साधारण सतरा वर्षांत तो एक तृतीयांशावर आला. हे आपोआप झालेलं नाही. आशाताई, नर्सबाई, जननी सुरक्षा योजना, १०८ची गाडी या सगळ्यांचं ते काम आहे, आणि आज मी तक्रारच करणार आहे म्हणून हे आधी सांगून टाकते.

केरळ १९ आणि आसाम १९५ असं म्हटल्यावर सभागृहात काय होतं, तेही मला पाठ आहे. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ मान डोलावून म्हणतात, ‘शिक्षण!’ त्यांच्या शेजारचे म्हणतात, ‘गरिबी’. आणि मग कुणीतरी, बहुधा निवृत्त मुख्याध्यापक, घसा खाकरून म्हणतात, ‘मुळात मानसिकता बदलायला हवी’. (हशा.) बघा, ते आलेलेच आहेत! सर, रागावू नका. पण मानसिकतेवर बोट ठेवलं की सगळ्यांची सोय होते. तिच्यासाठी भूलतज्ज्ञाचं रिकामं पद भरावं लागत नाही आणि रक्तसाठ्याचा फ्रिजही दुरुस्त करावा लागत नाही.

माझा हट्टाचा मुद्दा आत्ताच सांगते, नंतर वेळ मिळेल न मिळेल. दोन गटांतल्या बायकांच्या मृत्युदरात फरक दिसला की आपण ताबडतोब त्या बायकांकडे बघायला लागतो. त्या काय खातात, किती शिकल्या, कितवं बाळंतपण, कुठल्या जातीच्या, नवरा काय पितो. माझं म्हणणं, आधी दाराकडे बघा. बाई कोणत्या दाराने आत गेली, किती वाजता गेली, आणि आत कोण काय करत होतं?

आपल्याकडे म्हणतात की बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म. माझ्या आजीच्या तोंडी हे फार असायचं, आणि तिच्या काळात ते खरंही होतं. पण हे वाक्य मी प्रसूतिकक्षाबाहेर डॉक्टरांच्याही तोंडून ऐकलं आहे, नातेवाइकांची समजूत घालताना. आजीने म्हणावं. डॉक्टरांनी म्हणू नये.

तर आता व्हिएन्ना. पाच मिनिटांत सांगते. (हशा.) बरं, दहा.

१८४०च्या दशकात व्हिएन्नाच्या सार्वजनिक इस्पितळात मोठं प्रसूतिगृह होतं आणि त्याचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात सुइणी. श्रीमंतांच्या बायका तेव्हा घरीच बाळंत व्हायच्या. इस्पितळात यायच्या त्या गरीब, मोलकरणी, पुष्कळदा बिनलग्नाच्या मुली. बाळंतपण फुकट, बदल्यात तुमच्या देहावर विद्यार्थी शिकणार, असा व्यवहार होता. कोणत्या विभागात जायचं हे बाईच्या हातात नव्हतं. साधारणपणे एक दिवस पहिला विभाग भरती करून घेई, दुसऱ्या दिवशी दुसरा. सोमवारी कळा सुरू झाल्या तर इकडे, मंगळवारी झाल्या तर तिकडे.

हे जरा डोक्यात घोळवा. आज आपण संशोधनात दोन गट सारखे असावेत म्हणून चिठ्ठ्या टाकतो, संगणकाकडून वाटणी करून घेतो. तिथे ती वाटणी दिनदर्शिकेने केली होती. शहर तेच, गरिबी तीच, जेवण तेच, ‘मानसिकता’ तीच.

आणि १८४६ सालचे आकडे ऐका. पहिल्या विभागात ४०१० बाळंतपणं झाली आणि ४५९ बायका गेल्या. दुसऱ्यात ३७५४ बाळंतपणं, १०५ मृत्यू. म्हणजे डॉक्टरांकडे शंभरात अकरांहून जास्त आणि सुइणींकडे शंभरात तीनसुद्धा नाहीत. बहुतेक बायका सूतिकाज्वराने गेल्या, ज्याला आपल्याकडे बाळंतरोगात घालायचे. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या विभागाचा दिवस आहे हे कळल्यावर बायका गुडघ्यावर बसून, हात जोडून सुटका मागायच्या. आणि इस्पितळात पोचायच्या आत रस्त्यातच बाळंत होणाऱ्यांमध्ये हा ताप कमी दिसायचा. रस्ता बरा, प्राध्यापक नकोत!

तिथे इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण हंगेरियन डॉक्टर सहायक म्हणून लागला. त्याच्यापुढे कारणांची रांग उभी होती, आणि ती ऐकताना आपलीच कुठली तरी आढावा बैठक चालू आहे असं वाटतं. पहिलं कारण, हवा दूषित आहे. अहो, दोन्ही विभाग एकाच छपराखाली, मग हवा भिंत बघून थांबते का? दुसरं, गर्दी. गर्दी उलट दुसऱ्या विभागात जास्त होती, कारण सगळ्या जणी तिथेच जायला धडपडायच्या. तिसरं, या बायकांना पुरुष डॉक्टरांनी तपासल्याची लाज वाटते आणि त्या लाजेने त्या आजारी पडतात. चौथं मला सर्वांत आवडतं. मरणाऱ्या बाईला शेवटचा संस्कार द्यायला पाद्री यायचा. पहिल्या विभागात त्याची वाट इतर वॉर्डांतून जायची आणि त्याच्यापुढे एक जण घंटा वाजवत चालायचा. ती घंटा ऐकून बाकीच्या घाबरतात आणि भीतीने मरतात, असा सिद्धान्त होता. सेमेलवाइसने पाद्रीबुवांना विनंती केली की दुसऱ्या वाटेने, घंटा न वाजवता या. ते तसे आले. मृत्यू होते तेवढेच राहिले. दुसऱ्या विभागात बायकांना कुशीवर वळवून बाळंत करतात असं दिसलं, म्हणून इकडेही तसं करून पाहिलं. काही फरक नाही.

दरम्यान, तुम्ही ओळखलं असेलच, समिती नेमली गेली. समितीने कारण शोधलं : परदेशी विद्यार्थी दांडगाईने तपासतात. विद्यार्थ्यांची संख्या ४२वरून २०वर आणली, परदेशी जवळजवळ बंद केले. दर काही दिवस उतरला, मग पुन्हा चढला. बाहेरून आलेल्या पोरांवर खापर फोडायची पद्धत काही आपण शोधलेली नाही.

मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइसचा मित्र, प्राध्यापक कोलेच्का, शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून आजारी पडला आणि गेला. त्याच्या शरीरात जे बदल सापडले ते बाळंतिणींच्या शवात सापडायचे तसेच होते. सेमेलवाइसला लख्ख दिसलं. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवगृहात प्रेतं चिरायचे आणि त्याच हातांनी वर येऊन बायकांना तपासायचे. सुइणी शवगृहात जातच नव्हत्या. मेच्या मध्यापासून त्याने दाराशी क्लोरीनच्या चुन्याचं पाणी ठेवलं, हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही. एप्रिलमध्ये पहिल्या विभागात शंभरात अठरा बायका गेल्या होत्या. जूनमध्ये साधारण दोन, जुलैत एकीच्या आसपास. १८४८ सालभराचा हिशेब केला तर दोन्ही विभागांचा दर जवळजवळ सारखा, सव्वा टक्क्याच्या घरात.

ही गोष्ट वैद्यकीय महाविद्यालयात ‘हात धुवा’ एवढ्यावर संपवतात, याचा मला फार राग आहे. सेमेलवाइसला जंतू माहीत नव्हते, त्याच्या हाती सूक्ष्मदर्शकही नव्हता. त्याने काय केलं, तर प्रत्येक कारण प्रत्यक्ष बदलून पाहिलं. घंटा बंद केली, कूस बदलली, आणि आकडा हलला नाही तर ते कारण टाकून दिलं. आपण कारणं टाकून देत नाही, वर्षानुवर्षं सांभाळतो. त्याला नंतर सुख लागलं नाही. त्याची नेमणूक वाढवली नाही. तोही भांडकुदळ, ज्यांना पटलं नाही त्यांना जाहीर पत्रांतून खुनी म्हणू लागला, आणि १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात मेला. पण विचार करा, त्याने आपल्याच व्यवसायाला सांगितलं होतं की फरक बायकांमध्ये नाही, आपल्या हातांमध्ये आहे. हे कोण ऐकून घेईल?

आता पावणेदोनशे वर्षं ओलांडू आणि अमेरिकेत जाऊ. इथल्या बऱ्याच जणांची मुलंबाळं तिकडे आहेत, तेव्हा तुम्हाला रस असेल. २०२३ मध्ये तिथे गोऱ्या बायकांचा मातामृत्यूदर १४.५ होता आणि कृष्णवर्णीय बायकांचा ५०.३. साडेतीन पट. कोविडच्या वर्षात, २०२१ मध्ये, तो २६.६ आणि ६९.९ होता. आकडे वरखाली होतात, दरी बुजत नाही. आणि कारणांची रांग तीच : वजन जास्त, रक्तदाब, गरिबी, शिक्षण कमी.

शिक्षणाचं त्यांनी तपासून पाहिलं. त्यांच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, २०१९ मध्ये विश्लेषण छापलं. त्यात पदवीधर कृष्णवर्णीय बायकांचा मृत्युदर हायस्कूलही पूर्ण न केलेल्या गोऱ्या बायकांपेक्षा जास्त निघाला, दीडपटीहून अधिक. पहिल्या रांगेतले ‘शिक्षण’वाले गृहस्थ, ऐकताय ना? त्याच सीडीसीत शॅलन अर्व्हिंग नावाची साथरोगतज्ज्ञ होती. विषमतेचा आरोग्यावर काय परिणाम होतो, हाच तिचा विषय. जानेवारी २०१७ मध्ये, बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी, वाढलेल्या रक्तदाबामुळे ती गेली. बाळंत झाल्यापासून ती डॉक्टरांकडे खेटे घालत होती. आणि सेरेना विल्यम्स तर सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी सिझेरियननंतर तिला धाप लागली. फुप्फुसात गुठळ्या होण्याचा त्रास तिला आधी होऊन गेला होता, म्हणून तिने स्वतःच सांगितलं, सीटी स्कॅन करा, रक्त पातळ करणारं औषध सुरू करा. नर्सला वाटलं, वेदनाशामकांमुळे बाई बरळते आहे. आधी पायांची सोनोग्राफी झाली, नंतर सीटी, आणि गुठळ्या निघाल्या. जिच्या सर्व्हिसची गती जगाला पाठ, तिला आपला श्वास नीट चालत नाही हे पटवून द्यावं लागलं. तिने खाण्यापिण्यात हयगय केली असेल का?

एक गंमत सांगते आणि पुढे जाते. अमेरिकेने २००३ पासून मृत्यूच्या दाखल्यावर एक चौकट घातली : मृत बाई गरोदर होती का, किंवा वर्षभरात झाली होती का? हेतू चांगला. पण घाईत खुणा अशा पडल्या की एका वर्षात पंच्याऐंशीच्या पुढच्या शंभराहून अधिक आज्या गरोदर निघाल्या. तेव्हा आकडा कुणाचाही असो, तो भरणारा माणूस दमलेला असतो एवढं लक्षात ठेवा. पुढे त्यांनी हिशेब दुरुस्त केला. दरी मात्र दुरुस्तीनंतरही उरली.

इंग्लंडमध्येही दरी आहे, अलीकडच्या अहवालांत कृष्णवर्णीय बायकांचा दर गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहे आणि आशियाई बायकांचा, म्हणजे आपल्याही लेकीबाळींचा, गोऱ्यांपेक्षा जास्त. पण तिथे १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते. नावं काढून टाकतात, तज्ज्ञ कागद वाचतात, अहवाल छापतात. हे नीट सांगायचं होतं, पण

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे’, आणि खाली दोन रेघा मारल्या आहेत. म्हणजे फळ्यावरचा विषय आता सुरू करते.

महाराष्ट्र ३३. हा आकडा गटवार फोडून दाखवा म्हटलं तर एसआरएसचं पत्रक दाखवत नाही. त्यात राज्यं असतात, जाती-जमाती नसतात. गोव्याची तर स्वतंत्र ओळही नाही, राज्य लहान पडतं. मातामृत्यू दुर्मीळ, नमुना मर्यादित, म्हणून तीन-तीन वर्षं एकत्र करावी लागतात. त्यांची अडचण मला मान्य आहे. पण सरासरी काय लपवू शकते ते पाहा. हे आकडे काल्पनिक आहेत, खरे म्हणून लिहून घेऊ नका. समजा दहातलं एक बाळंतपण आदिवासी घरातलं. राज्यात आदिवासी साधारण नऊ टक्के आहेत, म्हणून दहातलं एक. समजा तिथला दर १०० आहे आणि बाकीच्यांचा २५. सरासरी काढा. साडेबत्तीस. म्हणजे चौपट दरी पोटात घालूनही राज्य तेहेतीसच्या आतच, आणि जगाचं २०३०चं उद्दिष्ट ७० आहे, ते आधीच गाठलेलं. पेढे वाटायला हरकत नाही!

नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेप्रमाणे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. धडगाव, अक्कलकुव्याचे पाडे डोळ्यांपुढे आणा. काही पाड्यांवरून अजून बाईला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणतात, नर्मदेकाठी बोटीची रुग्णवाहिका आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या जवळजवळ ४६ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता. मुळात रक्त कमी, त्यात वार अडकली आणि अंगावरून जायला लागलं, तर जोरात वाहणाऱ्या रक्ताने बाई दोन तासांत हाती लागत नाही. आता त्या दोन तासांत झोळी, बोट, गाडी आणि रक्ताची पिशवी बसवून दाखवा. माहेरघर योजना याच हिशेबाने आली, की दिवस भरत आले की बाईने आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावं. कल्पना उत्तम आहे. पण तिथे येऊन राहिली तर घरच्या धाकट्या पोरांना आणि मजुरीला कोण बघणार?

आणि त्याच सर्वेक्षणात राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आहेत. ‘त्या दवाखान्यात येतच नाहीत’ हे कारण आता पाद्रीबुवांच्या घंटेसोबत ठेवून द्यायला हवं.

१९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोघींनी तीन विलंब मांडले. घरी निर्णय घ्यायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. आमच्या बैठकांचा लाडका पहिला विलंब, कारण त्यात दोषी घरचे असतात. माझी जुनी तक्रार सांगते, जिल्हा सांगणार नाही. मातामृत्यू अन्वेषणाची बैठक होती. कागदावर एका ओल्या बाळंतिणीच्या नावापुढे शेरा होता, ‘रुग्ण उशिरा आली’. नातेवाइकांनाही बोलावलेलं होतं. तिची जाऊ कोपऱ्यात बसली होती. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, आम्ही दिवेलागणीलाच दवाखान्यात होतो की. पहिल्या दवाखान्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याकडे रक्त नव्हतं, तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत पहाट झाली. तिसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरने ‘उशिरा आली’ लिहिलं. त्याच्या दाराशी ती खरंच उशिरा आली होती. पहिल्या दोन दारांवर काय झालं, ते लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती.

आता मागणी, दोन मिनिटांत. एखाद्या जिल्ह्यात वर्षाला तीस हजार बाळंतपणं होत असतील तर तेहेतीसच्या दराने दहा मृत्यू होतात. दहा! याला संख्याशास्त्र लागत नाही, दहा कागद एका संध्याकाळी वाचून होतात. प्रत्येकीचं एवढंच लिहा : पहिल्या दारात किती वाजता आली, तिला कोणी पाहिलं, रक्त किती गेलं आणि ते मोजलं की नजरेने ठरवलं, रक्ताची पिशवी किती वाजता लागली. मोजण्याचं महत्त्व आफ्रिकेतल्या चार देशांत दिसलं आहे. २०२३ मध्ये छापून आलेल्या त्या चाचणीत बाळंतिणीखाली रक्त मोजायची साधी पिशवी अंथरली आणि ठरलेले उपचार एकत्र, लगेच सुरू केले, तर गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणारी हानी ६० टक्क्यांनी कमी झाली. शेजारी जात-जमात लिहा, पाडा लिहा, ऊसतोडीला गेलेली असेल तर तेही लिहा. नावं काढून टाका आणि वर्षाच्या शेवटी छापा.

अशक्य म्हणू नका. केरळमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून सरकारला बरोबर घेऊन गोपनीय तपासणी चालवली आहे. कागद नावाशिवाय जातो आणि त्यावरून कुणाला नोटीस येत नाही, म्हणून डॉक्टर खरं लिहितात. रक्तस्राव हे मोठं कारण आहे असं त्यातूनच पुढे आलं आणि उपचारांच्या पद्धती बदलल्या. आपल्याकडे बैठकीला जाणारा वैद्यकीय अधिकारी ‘आज नोटीस कुणाला’ हा हिशेब करत जातो, आणि मग ‘उशिरा आली’ हा सगळ्यांना वाचवणारा शेरा पडतो. नंदुरबारच्या, मेळघाटच्या, गडचिरोलीच्या बाईबद्दल आपल्याला एवढं ‘माहीत’ आहे ते या शेऱ्यांवरून.

अध्यक्ष उठून उभे राहिले आहेत, तेव्हा थांबते. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या. मुख्याध्यापक सर, तुमची चिठ्ठी आधी घेईन. सही नसली तरी चालेल.